मी कॅथलिक, मिस्टर प्रोटेस्टंट: ऑपरेशन, कॉपर टी, कॅलेंडर… चर्चचं नक्की म्हणणं काय?

घोडबंदरची_सून

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं, आज बाळ झोपलंय म्हणून लिहून टाकते. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मी माहेरची वसईची, कॅथलिक, मिस्टर नगरकडचे, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, त्या प्रोटेस्टंट मंडळीतले. मोठी मुलगी साडेपाच वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा.

धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यापासून बीपी चढायला लागलं, पाय सुजले, लघवीत प्रोटीन आलं आणि ३४व्या आठवड्यात घाईघाईत सिझर करावं लागलं. बाळ १९ दिवस पेटीत होतं. मी खाली वॉर्डात दूध काढायचे आणि मिस्टर ते स्टीलच्या छोट्या डबीत घालून वर एनआयसीयूत नेऊन द्यायचे, लिफ्ट बंद असली की चार मजले चढून. त्या दिवसांत देवाशी जेवढं बोलले तेवढं आयुष्यात बोलले नसेन.

सिझरच्या आधी, हाताला सलाईन लावलेलं असताना, एकीने पॅडवर फॉर्म आणून धरला समोर, "आत्ताच ट्यूब (गर्भनलिका) बांधून टाकू, परत पोट उघडायला नको, सही करा". मिस्टर तयार होते. मी नाही म्हटलं. का नाही म्हटलं ते तेव्हा सांगता आलं नाही, नुसती रडले. त्या बाई चिडल्या, "दोन झाली ना, अजून काय पाहिजे" असं सगळ्यांसमोर म्हणाल्या. ते अजून मनातून जात नाही.

आता डॉक्टर म्हणतात तिसरं नकोच, परत बीपीचा धोका आहे, ऑपरेशन करा नाहीतर कॉपर टी बसवा. येत्या गुरुवारी सांगायचंय. माझे बाबा म्हणतात आपल्यात हे सगळं पाप, फक्त दिवस पाळायचे. सासूबाई म्हणतात आमच्या पाळकांनी कधी कुणाला अडवलं नाही. दोघंही रोज बायबल वाचणारी, दोघंही देवभीरू. मग एकाच प्रभूच्या घरात एवढा फरक का, आणि सगळ्या पद्धती एकाच तागडीत का तोलतात? निरोध, गोळी, कॉपर टी, ऑपरेशन हे सगळं सारखंच का? कृपा करून "मनाला विचार" एवढंच लिहू नका, मनाला विचारूनच इथे आलेय.

उत्तनची_मावशी

बाळा, आधी तू आणि बाळ सुखरूप आहात त्याबद्दल देवाचे आभार. त्या बाईंनी सलाईन लावलेल्या बाईपुढे फॉर्म धरला ते चूकच, मग धर्म कुठलाही असो. तशा वेळी घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

मी ६१ वर्षांची, माहेर उत्तन, ३० वर्षं ठाण्यात. मी आणि आमचे हे मिळून पॅरिशमधल्या लग्नाच्या तयारीच्या कोर्सला नॅचरल फॅमिली प्लॅनिंग शिकवायचो, म्हणून आपलं चर्च काय सांगतं ते आधी नीट सांगते, कारण आपल्याच घरात ते फक्त "पाप पाप" असं अर्धवट पोचतं. सहावे पोप पॉल यांनी २५ जुलै १९६८ ला ह्युमाने व्हिते नावाचं विश्वपत्र, म्हणजे पोपनी सगळ्या चर्चला लिहिलेलं पत्र, काढलं. त्यात म्हटलंय की नवराबायकोच्या मीलनात देवाने दोन अर्थ एकत्र विणलेत, एकमेकांचं होणं आणि जीवन देणं, आणि माणसाने आपल्या हाताने ते दोन सोडवायचे नाहीत. म्हणून निरोध, गोळी, ऑपरेशन नको. पण मूल किती आणि कधी याचा विचारच करू नका असं त्यात कुठेही नाही! उलट तब्येत, पैसा, घरची परिस्थिती अशी गंभीर कारणं असतील तर मूल लांबवता येतं, अनिश्चित काळासाठीसुद्धा, आणि त्यासाठी पाळीच्या चक्रातले वांझ दिवस वापरता येतात. बाराव्या पोप पायस यांनी १९५१ मध्येच इटलीतल्या सुइणींपुढे हे बोलून ठेवलेलं. तुझं बीपी हे गंभीर कारण नसेल तर मग कुठलं असेल?

लोक विचारतात फरक काय, दोन्हीकडे मूल टाळायचंच असतं ना. मी कोर्सला सांगायचे, शेत एक हंगाम पडीक ठेवणं वेगळं आणि भाजलेलं बी पेरून पेरणी केली म्हणणं वेगळं. कुणाला पटायचं, कुणाला नाही. आम्हाला पटलं आणि आम्ही तसे जगलो.

करायचं कसं ते पण सांगते, "दिवस पाळणं" म्हणजे बोटावर मोजणं नव्हे. ते जुनं कॅलेंडर अगदी कच्चं. आम्ही पहाटे डोळे उघडले की कुणाशी न बोलता, पाणीसुद्धा न पिता थर्मामीटर जिभेखाली धरायचो. बीज सुटलं की अंगाचं तापमान ०.२ ते ०.५ डिग्री सेल्सिअस चढतं आणि पाळी येईपर्यंत चढलेलंच राहतं. जोडीला अंगावरचा स्राव बघायचा, सुपीक दिवसात तो अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पारदर्शक आणि बोटांत ताणला तर तार निघते. ऑस्ट्रेलियाच्या बिलिंग्ज पतीपत्नींची पद्धत ह्या स्रावावरच उभी आहे. आमचे हे कपाटाच्या आतल्या बाजूला आलेख लावून लाल पेन्सिलने ठिपके मारायचे, ती जबाबदारी त्यांची होती, माझी नव्हती, हे लक्षात घे. मदर तेरेसांच्या सिस्टर्सनी कलकत्त्यात फुटपाथवरच्या लोकांना हेच शिकवलं, १९७९ च्या नोबेल भाषणात त्यांनी आकडा सांगितलेला, सहा वर्षांत ६१,२७३ बाळं कमी. अडाणी माणसांना जमलं तर तुम्हालाही जमेल.

पण खोटं बोलणार नाही, अंगावर दूध पिणारं बाळ असताना हे सगळ्यात अवघड. पहिले सहा महिने, बाळ फक्त आईच्या दुधावर आणि पाळी आलेली नाही, एवढ्या तीन गोष्टी असतील तर तेच मोठं संरक्षण असतं. तुझे आठ महिने झाले, ते कवच गेलं. रात्री तीनदा उठणाऱ्या बाईचं पहाटेचं तापमान खरं येत नाही. माझ्या धाकटीच्या वेळी चार महिने आलेख नुसता वेडावाकडा, आम्ही दोघं चार महिने लांब राहिलो. सोपं नव्हतं.

नेरुळ_सेक्टर२०

जय ख्रिस्त ताई. मावशींना नमस्कार, त्यांनी जे पाळलं त्याबद्दल खरंच आदर आहे. मी तुमच्या मिस्टरांसारखाच, घरचं मूळ नगर जिल्हा, तीन पिढ्या मंडळीत.

सासूबाई म्हणतात ते बरोबर पण त्यांना त्यामागचं माहीत नसेल म्हणून लिहितो. प्रोटेस्टंट लोक पहिल्यापासून मोकळे होते असं अजिबात नाही. लूथर, कॅल्विन दोघांनीही उत्पत्ती ३८ मधल्या ओनानावरून कडक लिहिलंय. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, बिशपांची लॅम्बेथ परिषद, तिने १९०८ ला आणि १९२० ला सुद्धा विरोधच केला. मग १९३० ला १९३ विरुद्ध ६७ मतांनी ठराव झाला की मूल न होऊ देण्याचं स्पष्ट नैतिक कर्तव्य जाणवत असेल तर पहिला मार्ग संयमाचा, पण तसंच सबळ कारण असेल तर ख्रिस्ती तत्त्वांना धरून दुसरे मार्गही चालतील, स्वार्थ, चैन, नुसती सोय यासाठी मात्र नाही. तिथून वाट फुटली. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला अकराव्या पोप पायस यांनी कास्ती कोनुबी नावाचं विश्वपत्र काढून कॅथलिकांची बाजू घट्ट केली. म्हणजे तुमच्या घरातलं भांडण तसं त्याच वर्षीचं आहे. आपलं सीएनआय १९७० ला नागपूरला झालं, त्यात अँग्लिकन होतेच, आपल्याकडच्या जुन्या मराठी मिशनच्या मंडळ्याही आल्या, सगळ्यांनी येताना ही मोकळीक सोबतच आणली.

आता आपली बाजू. ओनानाची गोष्ट नीट वाचा, मेलेल्या भावाला वंश द्यायचं कर्तव्य त्याने मुद्दाम चुकवलं, भावजयीला फसवलं, शिक्षा त्या कपटाची होती असं आज आपल्याकडचे बहुतेक शिक्षक वाचतात. 'फलद्रूप व्हा, बहुगुणित व्हा' हा आशीर्वाद आहे, प्रत्येक महिन्याची हजेरी नाही. आणि मावशी, राग मानू नका, पण थर्मामीटर लावून मूल टाळणं आणि निरोध लावून मूल टाळणं, दोन्हीत मनातला हेतू एकच. देव मन बघतो ना? १ करिंथ ७:५ मध्ये पौल नवराबायकोला सांगतो की प्रार्थनेसाठी काही काळ, दोघांच्या संमतीने दूर राहा आणि परत एकत्र या. चार चार महिने लांब राहणं ज्या जोडप्याला झेपत नाही त्यांच्यावर ते ओझं टाकावं का, हा माझा खरा प्रश्न आहे.

मला जास्त टोचतं ते वेगळंच. तुमच्या पोस्टमध्ये फॉर्म तुमच्यासमोर धरला, मिस्टरांसमोर नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं, आणि नवऱ्यांची नसबंदी ०.३ टक्के. इफिस ५ मध्ये पतींनो, ख्रिस्ताने मंडळीवर प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी दिलं तशी बायकोवर प्रीती करा असं लिहिलंय, ते आपण लग्नात वाचतो आणि ऑपरेशनच्या वेळी विसरतो. मी केलीय नसबंदी, सहा वर्षं झाली. बिनटाक्याची, जागा बधिर करून अर्धा तास पण लागला नाही, दोन दिवसांनी वाशीला कामावर. फक्त तीन महिने दुसरं काहीतरी वापरायचं आणि वीर्याची तपासणी करून मगच निर्धास्त व्हायचं. माझी आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, माझ्या मुलाला अशक्त केलं म्हणून बायकोला बोलली. बायकोचं सिझरचं पोट दोनदा उघडलेलं तिला चाललं होतं. हे मी मंडळीच्या पुरुष संघात उठून सांगितलं, आपल्याच लोकांत बोलणार नाही तर कुठे बोलणार.

कळव्याची_नर्स

ताई मी १७ वर्षं प्रसूती विभागात आहे, विश्वासाने कॅथलिक. तुम्ही विचारलंत ना की सगळं एकाच तागडीत का, तर नका तोलू. दोन प्रश्न वेगळे आहेत. एक, मीलनातून गर्भधारणा अडवणं योग्य का, त्यावर वर चर्चा झाली. दुसरा, ही वस्तू गर्भधारणा होऊच देत नाही की झाल्यावर बीज टिकू देत नाही? ज्याचा विश्वास आहे की बीज फळलं तिथूनच जीव सुरू होतो, त्याच्यासाठी हा दुसरा प्रश्न पहिल्याहून कितीतरी मोठा आहे, आणि प्रोटेस्टंट लोकांतसुद्धा बरेच जण निरोधला हो म्हणतात आणि इथे मात्र थांबतात.

तर एकेक सांगते. निरोध, बीज भेटूच देत नाही, प्रश्न मिटला. रोजची गोळी, मुख्य काम स्त्रीबीज सुटणं थांबवणं. पण तुमचं बीपी, इस्ट्रोजेन असलेली गोळी डॉक्टरांनी बीपी बघून हो म्हटल्याशिवाय घ्यायची नाही, आणि अंगावर पाजताय तेही सांगायचं. अंतरा इंजेक्शन, तीन महिन्यांनी एकदा, तेही बीज सुटणं थांबवतं. कॉपर टी, याबद्दल लोकांत फार गैरसमज, सगळे म्हणतात ती दर महिन्याला गर्भ पाडते. तसं नाही, तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, मुख्य काम तेच. फळलेलं बीज क्वचित रुजू न देण्याचा भाग तिच्यात असू शकतो का यावर वाद आहे, आणि काही ख्रिस्ती डॉक्टर तेवढ्या शंकेसाठीही ती बसवत नाहीत, त्यांना मी चूक म्हणणार नाही.

७२ तासांतली इमर्जन्सी गोळी, ती बीज सुटणं पुढे ढकलते, राहिलेला गर्भ पाडत नाही. मेडिकलवाले आणि बायका दोघंही तिला गर्भपाताची गोळी म्हणतात, त्या गोळ्या पूर्ण वेगळ्या.

आणि एक जिच्याबद्दल कुणी बोलतच नाही, ती छाया. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, पूर्वी सहेली म्हणायचे, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने शोधली, हार्मोन नाही म्हणून आम्हीच बायकांना सांगतो की एकदम सेफ. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. शरीराला खरंच सौम्य आहे. पण ती बीज सुटणं थांबवत नाही, गर्भाशयाचं अस्तर आणि बीज यांचा मेळ बसू देत नाही असंच तिच्याबद्दल शिकवतात. म्हणजे जिला 'बीज फळलं की जीव' हे मनापासून वाटतं तिने कॉपर टीला घाबरून छाया घेतली तर उलटंच झालं. मी स्वतः हे वाचलं तेव्हा ड्यूटी संपल्यावर खाडीच्या पुलावर रिक्षात बसून गप्पच होते, कारण त्याआधी माझ्या चर्चमधल्या दोघींना मीच ती दिली होती, त्यांना पूर्ण न सांगता. नंतर दोघींना भेटून सांगितलं. एकीने बंद केली, एकीने चालू ठेवली, तिचा निर्णय. पण माहिती दिली.

विश्वासाने_चालणारा

प्रभूची स्तुती असो. स्तोत्र १२७ वाचा, संतती हे परमेश्वराने दिलेलं धन आहे. ज्याने दिलं तो सांभाळेल. डॉक्टर भीती घालतात, विश्वास भीती घालवतो. आम्हाला पाच आहेत, कोपरखैरण्यात वन बीएचके मध्ये राहतो, कधी उपाशी झोपलो नाही.

नेरुळ_सेक्टर२०

भाऊ, तुमची पाच लेकरं देवाचा आशीर्वादच आहेत. पण माझी मोठी बहीण अशाच बीपीने तिसऱ्या बाळंतपणात गेली, झटके आले, नगरहून पुण्याला नेईपर्यंत संपली. विश्वास तिचाही कमी नव्हता. दोन पोरं माझ्या आईने वाढवली. कृपा करून ह्या ताईला भीती सोड म्हणून सांगू नका.

विश्वासाने_चालणारा

मला हे माहीत नव्हतं भाऊ. क्षमा असावी. ताई, तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

जुना_सेमिनेरियन

मी सहा वर्षं सेमिनरीत होतो, फादर झालो नाही, आता ऐरोलीत क्लासेस घेतो. ताईंच्या बाबतीत नेमकं चर्च काय म्हणतं ते अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, थोडं लांब होईल.

आधी हे, की कॅथलिकांत सुद्धा हे भांडून झालेलं आहे. तेविसाव्या पोप जॉन यांनी १९६३ ला एक आयोग नेमला, सहाव्या पॉल यांनी तो वाढवला, त्यात डॉक्टर होते, लग्न झालेली जोडपी होती. १९६६ ला आयोगातल्या बहुसंख्य लोकांनी बदल करावा असं मत दिलं. पोपनी ते न स्वीकारता दोन वर्षांनी ह्युमाने व्हिते काढलं. त्यानंतर कॅनडाच्या बिशपांनी जाहीर केलं की प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्यांना पाळता येत नाही आणि जे स्वतःला योग्य वाटणारा मार्ग प्रामाणिकपणे निवडतात ते शुद्ध सद्सद्विवेकानेच वागतात. पण शिकवण बदलली नाही, आजही तीच आहे, हे मी लपवणार नाही.

आता ऑपरेशन. त्याच पत्राच्या १५व्या परिच्छेदात आहे की आजार बरा करायला लागणारा उपचार घ्यायला हरकत नाही, त्याने मूल होणं थांबलं तरी. म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार) यासाठी गोळी दिली तर ते गर्भनिरोधन नव्हे. लोक म्हणतात मग बीपीसाठी ट्यूब बांधली तर तेही उपचारच. इथे रोमचं उत्तर नाही असं आहे, कारण ट्यूब आजारी नाही, धोका पुढच्या गरोदरपणाचा आहे आणि ते गरोदरपण टाळता येतं. १९७५ ला आणि परत १९९३ ला त्यांनी हे स्पष्ट केलं. गर्भाशयच इतकं बिघडलंय की जिवाला धोका, तर ते काढणं चालतं. २०१८ च्या डिसेंबरमधल्या उत्तरात एक पायरी पुढे गेले, गर्भ जगण्याइतका वाढेपर्यंत गर्भाशय त्याला धरूच शकणार नाही हे तज्ज्ञांना निश्चित असेल तर ते काढणं म्हणजे नसबंदी नव्हे. ताईंचं तसं नाही. त्यामुळे बाबा जे म्हणतात ते नियमाच्या बाजूने बरोबर आहे.

पण बाबांना दोन गोष्टी माहीत नसतील. एक, १९९७ ला व्हॅटिकनने पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांसाठी पुस्तिका काढली, त्यात जोडीदारापैकी एकजण गर्भनिरोधन करत असेल तर दुसऱ्याने काय करायचं यावर वेगळा मुद्दाच आहे. दुसऱ्याची स्वतःची कृती चुकीची नसेल, सबळ कारण असेल आणि तो प्रेमाने, धीराने जोडीदाराशी या विषयावर बोलत असेल, तर त्याला संबंधच तोडायला सांगितलेलं नाही. तुमचे मिस्टर वेगळ्या मंडळीतले, त्यांचा सद्सद्विवेक त्यांच्या शिकवणीवर घडलेला. त्यांनी स्वतःसाठी काही ठरवलं तर तो तुमचा फॉर्म होत नाही. मात्र तुम्हीच त्यांना पुढे ढकललं तर गोष्ट वेगळी. ही फट म्हणून वापरायची गोष्ट नव्हे, फादरांसमोर दोघांनी बसून बोलायची गोष्ट आहे. दुसरं, ज्याचं ऑपरेशन होऊन गेलं त्याला पापनिवेदनाचं दार बंद नाही, मला असे लोक माहीत आहेत जे नुसत्या भीतीने १५-१५ वर्षं ख्रिस्तप्रसादाला उठले नाहीत, मागच्या बाकावर बसून राहिले. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं त्यांना.

पोप फ्रान्सिस २०१५ ला मनिलाहून परतताना विमानात म्हणाले होते की चांगले कॅथलिक व्हायला सशांसारखी पोरं व्हायला पाहिजेत असं नाही, जबाबदार पालकत्व पाहिजे. ते बोलताना त्यांनी सात सिझर झालेल्या आणि आठव्यांदा गरोदर राहिलेल्या एका बाईचं उदाहरण दिलं, सात लेकरं पोरकी करणार का असं तिला विचारलं होतं म्हणे. बाबांना हे नक्की दाखवा.

घोडबंदरची_सून

सगळ्यांचं दोनदा वाचलं. मिस्टरांना मोबाईल दिला, त्यांनी रिक्षा स्टँडवर उभं राहून वाचलं आणि घरी आल्यावर पहिलं वाक्य काय तर "तो फॉर्म मी आधी माझ्यासमोर धरायला पाहिजे होता." मी काही बोलले नाही, मी त्यांना ढकलणार पण नाही, सेमिनेरियन सरांनी लिहिलंय ते लक्षात आहे.

नर्स ताई, छायाबद्दल लिहिलंत त्याचे आभार. मला आरोग्य केंद्रातून तीच देणार होत्या आणि मी आनंदाने घेणार होते.

मावशी, पाळी अजून आलेली नाही आणि बाळ रात्री तीनदा उठतं. अशात आलेख सुरू करू का, की पाळी येईपर्यंत थांबू?

उत्तनची_मावशी

थांबू नकोस, पहिली पाळी यायच्या आधीच बीज सुटू शकतं, तिथेच पुष्कळजणी फसतात. तापमानाचं सध्या सोड, स्राव लिहायला आजपासून लाग, कोरडं असेल तर कोरडं म्हणून लिही. जरा जरी बदल दिसला की लांब राहायचं. आणि नेरुळच्या भावाने बहिणीचं लिहिलं ते वाचून मी रात्रभर झोपले नाही, म्हणून हेही सांगते, घाईने हा एकच आधार धरून बसू नकोस, तुझ्या बाबतीत चूक परवडणारी नाही. शिकवणारं कुणीतरी समोर पाहिजे. मला मेसेज कर, आम्ही दोघं घरी येऊ, लाल पेन्सिल घेऊन.

घोडबंदरची_सून

रविवारी या मावशी, मिस्टर घरी असतील. गुरुवारी डॉक्टरांना सांगणार आहे की ऑपरेशनची सही आत्ता नाही, आणि तोपर्यंत आम्ही दोघं लांब राहतोय, हे दोघांनी बसून ठरवलंय. फादरांची शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतरची वेळ घेतली. बाबांना पण बोलावलंय, येतो म्हणाले.

बाळ उठलं, जाते.